एका रात्रीचा खड्डा

१

पैसे चोरीला गेले नव्हते, आणि तीच तर अडचण होती.

चोरीला गेले असते तर पोलिसांत जाता आलं असतं, कुणाच्या तरी नावानं बोटं मोडता आली असती. पण टेलरकाकांच्या खात्यातली जवळजवळ सगळी रक्कम गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी बाहेर पडली आणि बुधवारी परत आली. पै न पै. जणू एका रात्रीपुरती कुणाकडे वस्तीला जाऊन आली.

मी स्टेटमेंटवरच्या त्या दोन ओळींभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि पिल्लूला मांडीवरून उचलून खांद्यावर टाकलं. पाळणाघराच्या बाई आजारी, म्हणून आज माझी लेक माझ्याबरोबर ऑफिसात. तिचा सगळा जीव पेन्सिलीत अडकला होता.

आमचं ऑफिस म्हणजे जिना चढून आलं की दोन खोल्या. परदेशात लांब मुक्कामाला जाणाऱ्यांच्या व्हिसाच्या फायली आम्ही लावून देतो. वकिलातीचा प्रश्न साधा असतो: तिकडे जाऊन तुम्ही खाणार काय? उत्तर बँकेनं द्यायचं. ठरलेली रक्कम अर्जदाराच्या नावावर सलग तीन महिने असली पाहिजे. एक दिवस जरी खाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आणि टेलरकाकांकडे पुन्हा पहिल्यापासून मोजायला वेळ नव्हता. उद्या सकाळी वकिलातीतली त्यांची वेळ. पुढच्या महिन्यात तिकडे मुलीचं बाळंतपण. काकू जाऊन चार वर्षं झालेली, जावई बोटीवर, महिनोन् महिने समुद्रात. काकांनी दुकान विकलं होतं ते याचसाठी. वर्षभर तिच्याजवळ राहायचं, बाळ सांभाळायचं, एवढाच त्यांचा बेत.

"काय गं, तोंड का असं?" मॅडमनी आतल्या खोलीतून विचारलं. या ऑफिसच्या मालकीणबाई. चष्मा डोक्यावर आणि नजर घड्याळावर.

मी कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, चष्मा खाली घेतला, पुन्हा वाचला.

"हे बघ, 'सेल्फ' लिहिलंय. स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात टाकलेत म्हाताऱ्यानं. त्या खात्याचं स्टेटमेंट आण आणि मोकळी हो."

"विचारलं मघाशी फोनवर. म्हणतात, त्यांचं एकच खातं आहे."

"म्हणजे कुणाला तरी उसने दिलेत आणि आता लपवतायत." त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "बँकेला विचार."

"केला फोन. सिस्टिम बंद आहे, दुपारनंतर या म्हणाले."

"मग दुपारनंतर मला खरं काय ते सांग. पाच वाजेपर्यंत खड्डा भरला नाही, तर उद्याची वेळ मी दुसऱ्या पार्टीला देते. तीन जण रांगेत आहेत."

त्या आत गेल्या. माझ्या मनात एक नको तो विचार येऊन गेला: काकांची फाईल मोडली तर ती वेळ विकता कुणाला येईल? ज्यांना येईल, त्यांना काकांच्या खात्यातलं सगळं माहीत होतं.

जिन्यात काकांच्या चपला वाजल्या.

२

टेलरकाका आले ते गळ्यात मापाची टेप घालूनच. दुकान गेलं तरी टेप गेली नव्हती. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी पिल्लूची छाती मोजली, मग बाही.

"बटणच्या बाळाला झबली शिवतोय. नमुना म्हणून हिचं माप बरं पडतं," ते म्हणाले. पिल्लूनं टेपेचं टोक तोंडात घातलं. "असू दे, असू दे. पितळेचं टोक आहे, चावून झिजत नाही."

बटण म्हणजे त्यांची मुलगी. लहानपणी मशीनखाली बसून गालात बटण धरून ठेवायची आणि काही केल्या तोंड उघडायची नाही, तेव्हापासूनचं नाव.

मी त्यांना पेन्सिलीचा गोल दाखवला. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, उगाच दाखवला.

"ताई, मी नाही हो हात लावला. कापड एकदा कापलं की जोडता येतं, पण शिवण दिसतेच, एवढं मला कळतं. मी कशाला कापीन?"

"त्या मंगळवारी काय करत होतात, आठवतं?"

"आठवतं की. दुकान विकल्यावर घरी आणलेली शेवटची ऑर्डर, शाळेचे गणवेश. दिवसभर मशीनवर."

"आणि फोन?"

"समोर, दोऱ्यांच्या रिळांना टेकवून ठेवलेला. संध्याकाळी बटण बोलत होती ना. रोज बोलते. जेवलात का, गोळी घेतली का. माझं लाइटबिलसुद्धा तीच भरते तिकडून. मला म्हणते, बाबा, आता एक नंबर येईल तो वाचा. मी वाचतो." ते एकदम हसले. "त्या दिवशी तोंडात टाचण्या. मी वाचतोय आणि तिला काही उमगत नाही. परत पाठवला नंबर, परत वाचला. पोट धरून हसत होती."

"काका, तो नंबर कुणालाही सांगायचा नसतो."

"कुणालाही कुठे सांगतो? मुलीला सांगतो."

मी स्टेटमेंट पाहिलं. बरोबर, त्याच मंगळवारी लाइटबिल गेलेलं होतं, पैसे बाहेर जायच्या अगदी वरच्या ओळीत.

काका पिल्लूच्या मुठीतून टेप हळूच सोडवत होते. "बटणला शिकायला पाठवली तेव्हा बरं होतं हो. हे तीन-तीन महिने कापड ताणून धरायचं काही नव्हतं. आमच्या मॅनेजरनं चार ठिकाणी सह्या घेतल्या, दुकानाचे पैसे एका दिवसापुरते इकडून तिकडे केले, बँकेनं दाखला दिला, दुसऱ्या दिवशी पैसे जागेवर. बटणनं तो दाखला फ्रेम करायचा बाकी ठेवला होता."

"मॅनेजर म्हणजे?"

"शेजारी. बँकेत मॅनेजर होते, आता निवृत्त. आमचा रोजचा बुद्धिबळाचा डाव असतो. मी जाणार म्हटल्यापासून तोंड फुगवून बसलेत."

मी ते मनात टिपून ठेवलं. "आणि तुमचा फोन आणखी कोण हाताळतं?"

"पुतण्या. फोनमधलं सगळं तोच लावून देतो." काका थांबले. "पण तो तसा नाहीये."

हे वाक्य कुणी न विचारता बोललं की मला काळजी वाटते. मी वर पाहिलं. दाराच्या काचेपलीकडे एक तरुण उभा होता. काकांना न्यायला आलेला. माझ्या हातातलं स्टेटमेंट त्यानं पाहिलं आणि आल्या पावली जिना उतरू लागला.

३

आठ महिन्यांचं मूल कडेवर घेऊन जिना धावत उतरता येत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी मला त्या दिवशी पाहायला हवं होतं. खाली झेरॉक्सच्या दुकानापाशी मी त्याला गाठलं.

या पुतण्याला सगळे चार्जर म्हणतात, कारण कुणाच्याही घरी गेला की आधी प्लग शोधतो. आत्ता मात्र त्याची स्वतःचीच बॅटरी उतरली होती.

"पळालास का?"

"पळालो नाही, मॅडम. गाडी चुकीच्या जागी लावली होती."

"कुठली गाडी? नवा टेम्पो?"

टेम्पोबद्दल काकांनीच मागे कौतुकानं सांगितलं होतं.

"टेम्पोचे पैसे कुठून आणलेस?"

"मित्राकडून घेतलेत, हप्त्यानं फेडतोय." मग त्याला एकदम उमगलं, मी काय विचारतेय ते. "काय बोलताय, मॅडम? काकांचे पैसे गेलेत?"

"गेले आणि आले. एका रात्रीत."

"मग मी कसा असेन?" तो चक्क दुखावला. "मी घेतले असते तर टेम्पोत गेले असते. टेम्पो काय मंगळवारी येतो आणि बुधवारी परत जातो का?"

बोलणं सरळ होतं. पण मान घामानं भिजलेली होती. मी काही न बोलता पिल्लूला थोपटत उभी राहिले. गप्प बसलं की माणसं बोलतात, हे मी बाळाकडून शिकले आहे, उलट्या बाजूनं: ते रडायला लागलं की सगळे गप्प होतात.

"एक सांगतो," तो शेवटी म्हणाला. "काकांना सांगू नका. बुधवारी सकाळी चार्जिंगला लावताना त्यांचा फोन माझ्या हातून पडला. काचेचा चुरा. त्यांना म्हटलं अपडेट करून आणतो, आणि दिवसभर दुरुस्तीवाल्याकडे ठेवला. पोरांनी उघडून टेबलावर सुटे भाग मांडले होते. संध्याकाळी नवी काच लावून आणून दिला. त्यांना अजून पत्ता नाही. तुमच्या हातात बँकेचा कागद बघितला, वाटलं काचेचे पैसे मी त्यांच्या खात्यातून काढले असा संशय आला की काय. मी माझ्या खिशातून भरलेत, शपथेवर सांगतो."

मी पिल्लूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"कुठल्या बुधवारी?"

"गणवेश दिले त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मी मनाशी तारखा जुळवल्या. म्हणजे ज्या दिवशी पैसे परत आले, त्या दिवशी काकांचा फोन एका टेबलावर तुकड्या-तुकड्यांत पडला होता. पैसे बाहेर नेताना तो फोन लागला होता, कारण नंबर त्याच्यावरच येतो. परत ठेवताना मात्र कुणालाच त्याची गरज पडली नव्हती.

पैसे परत ठेवणाऱ्याकडे त्या दुसऱ्या खात्याची स्वतःची चावी होती.

४

मॅनेजरकाकांनी दार उघडलं आणि आधी पिल्लूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बैठकीत बुद्धिबळाचा पट मांडलेला होता, एका बाजूच्या सोंगट्या चाल करून पुढे आलेल्या, दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी.

"त्यानं पाठवलं असेल तर सांगा, डाव मी मोडणार नाही. त्याची चाल बाकी आहे."

मी बसले आणि सरळ विचारलं. आडवळणाला माझ्याकडे वेळ नव्हता आणि पिल्लूची भुकेची वेळ झाली होती.

"काका, त्यांनी जाऊ नये असं तुम्हाला वाटतं ना?"

"वाटतं की. का वाटू नये? रोज संध्याकाळी येणारा एकच माणूस उरलाय."

"त्यांच्या खात्याला एक दिवस खड्डा पडला, तर व्हिसा अडकतो. हे ज्यांना माहीत आहे अशी माणसं थोडीच आहेत, आणि बँकेचं काम येणारी तर त्याहून थोडी."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता चिडतील. पण ते पटाकडे बघत बोलले.

"मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. एके दिवशी तो फोन इथंच विसरून गेला होता. मी हातात घेतला आणि परत ठेवला. हात धजला नाही." मग त्यांच्यातला जुना मॅनेजर जागा झाला. "किती गेले होते?"

मी आकडा सांगितला.

"सगळे? मग तर मी नक्कीच नाही. अहो बाई, फाईल मोडायचीच असती तर थोडेसे पुरले असते. ठरलेल्या रेघेच्या खाली गेलं की झालं. सगळे कशाला उचलायचे?" त्यांनी बोट उभं केलं. "सगळे तोच उचलेल, ज्याला सगळे दाखवायचे असतात."

पिल्लू एव्हाना रडायला लागली होती. मी ओढणीआड तिला पाजायला घेतलं. मॅनेजरकाकांनी शहाण्यासारखी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं. ती शांत झाली, आणि त्या शांततेत माझ्या डोक्यातले तुकडे एकमेकांकडे सरकायला लागले.

ज्याला सगळे दाखवायचे असतात. एका दिवसापुरते. कुणाला तरी, कुठेतरी.

ज्यानं ते परत ठेवले त्याला वाटलं, झालं, काही बिघडलं नाही. म्हणजे तीन महिन्यांचा नियम त्याला माहीतच नव्हता. मॅडमना माहीत होता. मॅनेजरकाकांना माहीत होता. दोघंही सुटले. चार्जरला तो माहीत नव्हता, पण बुधवारी तो काचेच्या पायी पळत होता, आणि त्याला दाखला दाखवायचा तरी कुणाला?

बँकेचा दाखला एका दिवसाचा असतो, असंच ज्याच्या डोक्यात पक्कं बसलंय, असं माणूस कोण?

आणि टाचण्या. लाइटबिलाला एक नंबर लागतो. काकांनी दोनदा वाचला. त्यांना वाटलं, पहिला नीट ऐकू गेला नाही.

पहिला नीट ऐकू गेला होता. दुसरा नंबर दुसऱ्या कामाचा होता.

"काका," मी खिडकीकडच्या पाठीला विचारलं, "बटण शिकायला गेली तेव्हा तुम्ही चार सह्या घेतल्या होत्या. त्या कशाच्या?"

पाठ हलली नाही. "जॉइंट खात्याच्या. बापलेकीचं खातं उघडलं होतं. तिच्या नावावर पैसे दिसायला नकोत का?"

"ते बंद केलं?"

खुर्ची हळूहळू माझ्याकडे वळली. मॅनेजरकाकांचा चेहरा पांढरा पडला होता.

"बंद करायला कुणी सांगितलंच नाही."

"त्यात पहिलं नाव कुणाचं आहे?"

वकिलातीच्या नियमांत तेवढं एक वाक्य मला पाठ होतं: जॉइंट खातं चालतं, पण पहिलं नाव अर्जदाराचं असलं पाहिजे. ते बापाचं असेल, तर पैसे एक मिनिटही त्याच्या नावावरून हललेले नव्हते. लेकीचं असेल, तर खड्डा तो खड्डाच.

मॅनेजरकाकांनी कपाळ चोळलं. "आठवत नाही, हो," ते म्हणाले. "एवढी वर्षं झाली. नाही आठवत."

५

बँकेत सिस्टिम सुरू झाली होती आणि तिच्याबरोबर रांगही. टोकन घेऊन आम्ही बाकावर बसलो, टेलरकाका, मी, आणि आमच्या मधे पिल्लू. इथंच त्यांना सांगायला हवं होतं. आत जाऊन स्क्रीनवर कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

मी सगळं सांगितलं. टाचण्या, दोन नंबर, सुट्या भागांत पडलेला फोन (माफ कर रे चार्जर, इलाज नव्हता), चार सह्या. शेवटी नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ते त्यांनीच घेतलं.

"बटण," ते म्हणाले.

त्यांनी गळ्यातल्या टेपेचं टोक हातात घेतलं. बोटं टेपेवरून फिरत होती, एकेका रेघेवरून, आंधळ्यानं वाचावं तशी.

"मागितले असते तर दिले असते," ते म्हणाले. "विचारलं का नाही?"

"ते तीच सांगेल."

"मला चोरी वाटत नाहीये, ताई. मला काळजी वाटतेय. माझी पोर पैसे लपवून नेण्यातली नाही. कशात अडकली असेल?"

आमचा नंबर पुकारला गेला. काउंटरवरची मुलगी चटपटीत होती. काकांचं कार्ड, सही, ओळखपत्र, मग तिनं भुवया उंचावल्या.

"आहे की दुसरं खातं. जुनं आहे. मंगळवारी इथं रक्कम आलीय, बुधवारी परत गेलीय. मधे एका मिनिटाचंही अंतर नाही, इकडून निघाली ती तिकडे पोचली. स्टेटमेंट हवंय?"

"हवंय," मी म्हणाले. "पण आधी सांगा, पहिलं नाव कुणाचं?"

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. मागून कुणीतरी तिला काही विचारलं, ती तिकडे वळली, पेन मागितलं गेलं, पेन सापडेना. मी काउंटरची कड एका हातानं घट्ट धरली होती. पिल्लूनं माझ्या कानातलं ओढलं तरी मला कळलं नाही.

"हां, काय विचारत होता? पहिलं नाव." तिनं स्क्रीन आमच्याकडे फिरवली. "यांचंच आहे. काकांचं."

मी लगेच स्टेटमेंट छापून घेतलं. दोन स्टेटमेंट शेजारी-शेजारी ठेवली की मंगळवारचा खड्डा भरत होता, काठोकाठ. फाईल तरली होती.

तेवढ्यात मॅनेजरकाकांचा फोन. "आठवलं," ते धापा टाकत म्हणाले, जणू आठवण आणायला धावत गेले होते. "मीच त्याला म्हटलं होतं, पहिलं नाव तुझं ठेव, पोरगी तिकडे गेली की विसरेल तुला. चेष्टेनं म्हटलं होतं, हो."

पण टेलरकाका हसले नाहीत. त्यांनी नवी काच लावलेला फोन काढला होता आणि बटणला लावला होता.

६

बँकेच्या दाराशी, कुंड्यांच्या आडोशाला, त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. मला म्हणाले, तुम्ही थांबा, मला एकट्याला नीट कळायचं नाही.

"बाबा? एवढ्या सकाळी?" झोपेतला आवाज.

"बटण, तोंड उघड," काका म्हणाले.

लहानपणचंच ते वाक्य. मग तिला कळलं. रडू फुटायच्या आधी मुलं श्वास घेतात ना, तसा श्वास ऐकू आला.

"बाबा, मी दुसऱ्या दिवशी लगेच परत ठेवले होते."

"ते दिसलं. कशाला लागले होते?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. तिची नोकरी करारावरची, पोट दिसायला लागलं तसा करार संपला. जावयाच्या कंपनीनं पगार थकवलेला. शिल्लक होती ती दवाखान्यात गेली. आणि तिनं कुठेतरी वाचलं होतं की पाहुण्याला बोलावणाऱ्यानं आपल्याकडे पैसे आहेत असा बँकेचा दाखला जोडायचा असतो. तिच्या खात्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. मग जुनं जॉइंट खातं आठवलं. एक दिवसाचा दाखला. तेव्हा चाललं होतं, आताही चालेल.

"उद्याच्या आधी तो दाखला तुमच्या व्हिसावाल्या ऑफिसला मेल करणार होते," ती नाक ओढत म्हणाली.

"बटणताई, मी त्याच ऑफिसातली," मी मधे बोलले, "तो दाखला थोड्या दिवसांच्या पाहुण्यांसाठी लागतो. तुमचे बाबा स्वतःच्या पैशावर राहायला येतायत. तुमच्याकडून बँकेचा कसलाच कागद लागत नाही. तो पाठवू नका, फाडून टाका."

"म्हणजे मी हे सगळं उगाच केलं?"

"अगदी उगाच."

ती रडता-रडता हसली. मला वाटलं, संपलं. पाचाला अजून वेळ होता, स्टेटमेंट हातात होतं. आणि तेव्हाच टेलरकाका माझ्याकडे वळले.

"ताई, हे पैसे आजच तिला पाठवता येतील ना? सगळे?"

"पाठवता येतील," मी सावकाश म्हणाले. "पण मग खातं रिकामं. उद्याचा अर्ज नाही."

"नाही तर नाही. पोरीकडे दवाखान्याला पैसे नाहीत आणि मी तिकडे फिरायला..."

"बघा," फोनमधून आवाज आला. आता त्यात रडू नव्हतं. "बघा, बाबा. म्हणूनच मी सांगितलं नाही. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही पैसे पाठवले असते आणि तुम्ही आला नसता. पैसे मी इकडे कुणाकडूनही उसने घेईन, बाबा. पण रात्री बाळ रडलं तर कुणाला उसनं आणू?"

पिल्लूनं माझ्या कडेवरून वाकून काकांच्या गळ्यातल्या टेपेचं टोक पकडलं आणि जोरात ओढलं. ते तिच्या ओढीनं एक पाऊल पुढे आले.

मी त्यांना काही सांगू शकले असते. की तिकडे गेल्यावर स्वतःच्या खात्यातून घरखर्च त्यांनाच करायचाय, त्यासाठीच तर वकिलात ते पैसे बघते. की त्यांच्या पैशावर दोघंही जेवू शकतात आणि बाळाच्या दुधाचंही भागेल. पण ते हिशोब त्यांनाही येत होते. आयुष्यभर एका कापडात दोन सदरे बसवत आलेला माणूस.

"पुरतील," ते शेवटी पुटपुटले, फोनला की स्वतःला कोण जाणे. "नीट कापलं तर पुरतील." मग आवाज चढवून: "ए बटण. या महिन्याचं लाइटबिल मी स्वतः भरणार. तुला नंबर वाचून दाखवणार नाही."

"तुम्हाला जमायचं नाही, बाबा."

"मग तिथं येऊन तुझ्याकडून शिकतो."

७

मॅडमनी दोन्ही स्टेटमेंट शेजारी ठेवली, पेन्सिल सरकवत तारखा जुळवल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"मी तुझ्या यादीत होते का गं?"

"कुठल्या यादीत?"

"सकाळी ज्या नजरेनं बघत होतीस त्या यादीत."

मी पिल्लूचं टोपडं नीट करत राहिले. त्यांनी फाईल मिटून माझ्या हातात दिली. "पत्र तू लिही. जे घडलं ते तसंच लिही, काही लपवू नकोस. आणि उद्याची वेळ त्यांचीच."

दुसऱ्या दिवशी वकिलातीच्या खिडकीतल्या बाईंनी एकेक पान उलटलं. मंगळवारपाशी त्यांचं बोट थांबलं. टेलरकाकांनी मागे माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. बोटानं पान उलटलं, दुसरं स्टेटमेंट सापडलं, पत्र सापडलं. त्यांनी ते वाचलं. आणखी एकदा वाचलं. मग त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, टाचण्यांपाशीच असणार, आणि शिक्का उमटला.

व्हिसा आला, आणि निघायच्या दिवशी चार्जरनं काकांची बॅग टेम्पोतून विमानतळावर पोचवली. मॅनेजरकाका निरोपाला आले ते फोनवर बुद्धिबळ कसं खेळतात ते शिकून आले. काकांची चाल अजून बाकी होती.

काल त्यांनी फोटो पाठवला. बटण पलंगावर, शेजारी जावई उन्हानं रापलेला, आणि काकांच्या मांडीवर मूठभर बाळ, माझ्या पिल्लूच्या मापाच्या झबल्यात हरवलेलं. बाह्या हातांच्या पुढे वीतभर लोंबत होत्या. मी लिहिलं, काका, माप चुकलं की तुमचं.

उत्तर लगेच आलं. तिकडे पहाट असणार, आणि बाळ जागं असणार.

"चुकलं नाही, ताई. वाढत्या अंगाचं शिवलंय."